लोखंडाचा घाम

पहिल्याच दिवशी बारापात्रे मिस्त्रींनी माझ्या कानाजवळून पोलाद उडवलं.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन नागपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका क्रोम प्लेटिंगच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून लागले होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. ट्रक-बसचे क्रँकशाफ्ट, पिस्टनच्या रिंगा, पिना, डिझेल पंपाचे दांडे असा माल आमच्याकडे यायचा. झिजलेल्या भागावर कठीण क्रोमचा थर चढवायचा आणि घासून मापात आणायचा. मग तो इतका गुळगुळीत होतो की तेलाच्या पातळ पडद्यावर नुसता तरंगत फिरतो. मालक देशकरसाहेबांनी मला शेडमध्ये आणलं, "हे आपले हेडमिस्त्री," असं म्हणून पन्नाशीच्या एका काटक माणसापुढे उभं केलं आणि ते निघून गेले.

मिस्त्रींनी मला नमस्कारही केला नाही. कपाटातून पोलादाच्या दोन अरुंद पट्ट्या काढल्या. दोन्ही चांदीसारख्या चकचकीत.

"बाई, फरक सांगा."

मी दोन्ही उलटून पाहिल्या. "काहीच फरक नाही."

"बराबर." त्यांनी एक पट्टी दोन्ही हातांनी वाकवली. ती धनुष्यासारखी वाकली आणि सोडल्यावर सरळ झाली. मग दुसरी तशीच वाकवायला घेतली. 'टक्' असा आवाज झाला आणि एक तुकडा माझ्या कानाजवळून जाऊन मागच्या पत्र्यावर आदळला. माझी किंकाळीच निघाली. शेडमधली माणसं हसली. हे स्वागत प्रत्येकाच्या वाट्याला आलेलं होतं.

मिस्त्री हसले नाहीत. "एकाच टाकीतल्या आहेत दोनी. हिचा घाम काढला, हिचा नाई काढला. येवढाच फरक. आता तुमी जिंदगीभर इसरनार नाई."

नाहीच विसरले. क्रोम चढत असताना टाकीत हायड्रोजन सुटतो आणि त्यातला थोडा पोलादात शिरून बसतो. मग पोलाद वरून दिसायला देखणं, पण आतून काचेसारखं ठिसूळ होतं. म्हणून टाकीतून काढल्याबरोबर माल गरम तेलात पाच-सहा तास ठेवायचा, म्हणजे आतला वायू निघून जातो. पुस्तकात याला लांबलचक नाव आहे. बारापात्रे मिस्त्री त्याला 'घाम काढणं' म्हणत.

त्यांचं पूर्ण नाव दामोदर बारापात्रे. "नाव बारापात्रे अन् टाक्या पाचच," हा त्यांचा एकुलता एक विनोद, तो ते दर महिन्याला एकदा करत. मूळचे नागपूरजवळच्या खाप्याचे. घरी पिढीजात हातमाग. वडील नऊवारी लुगडी विणत. पण माग चालेनासा झाला आणि दामोदर विशीत नागपूरला येऊन टाकीवर लागला. मागाची एक खूण मात्र त्यांच्या हातात राहिली होती. माल घासून आला की ते डोळे मिटत आणि अंगठ्याचं नख त्यावरून हळूच ओढत नेत. सुतातली गाठ शोधतात तसं. आमच्याकडे महागडं मोजमापाचं यंत्र होतं. ते 'पास' म्हणायचं आणि मिस्त्रींचं नख 'नाही' म्हणायचं, असं पुष्कळदा व्हायचं.

"नख अडकलं तर इंजिन अडकन," ते म्हणत आणि माल बाजूला ठेवत. दरवेळी नखच खरं ठरलं, असं मी म्हणणार नाही. पण मी त्यांच्याशी वाद घालणं सोडून दिलं.

त्यांची बोटं पाहवत नसत. क्रोमच्या आम्लानं मसुराएवढे गोल खळगे पडलेले होते, काही जुने, काही ओले. टाकी चालू असली की तांबूस-पिवळ्या द्रावणातून बुडबुडे फुटत आणि त्याची बारीक वाफ वर यायची. मी नाकाला ओढणी बांधूनच टाकीचा नमुना घ्यायची. कामगारांना नाकावर बांधायच्या कापडी पट्ट्या दिलेल्या होत्या, त्या खुंटीला लटकत असायच्या.

"काका, तुम्ही तरी बांधा. तुमचं पाहून बाकीचे बांधतील." तोवर मी त्यांना काका म्हणायला लागले होते.

"नाक बांधून कोनी काम करते का वं पोरी? श्वासच नाई घेता येत." आणि टाकीवर आणखी वाकून उभे राहत. नव्या माणसाच्या नाकातून रक्त आलं की ते त्याच्या पाठीवर थाप मारत. "आता तू टाकीचा झाला." सगळे हसत. मीही एक-दोनदा हसले आहे, हे लिहिताना हात अडखळतो.

त्यांच्या घरी मी एकदाच जेवायला गेले. सक्करदऱ्याला तळ्याच्या अलीकडे दोन खोल्यांचं घर. कौसल्याकाकूंनी सावजी मटण केलं होतं. पातेल्याचं झाकण काढलं तेव्हा डोळ्यांना पाणी आलं, असा तो मसाला. काका पातेल्यावर वाकले, लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "वा! आज खसखस जरा जास्त पडली, नाई का गं?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग खाली मान घालून भाकरी थापायला लागल्या. मला वाटलं, मसाल्यातली चूक पाहुण्यांसमोर सांगितली म्हणून रागावल्या असतील.

ऐंशीनंतर आमच्याकडे नवीन माल यायला लागला. नागपूरच्या बाहेरच्या एका कोळसा खाणीत मोठमोठे डंपर आले होते आणि त्यांच्या इंजिनांना टर्बो होते. टर्बो म्हणजे इंजिनच्या धुरानं फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. त्याचा शाफ्ट बोटाएवढाच जाड, पण मिनिटाला हजारो फेरे घेतो. तेलाच्या पडद्यावर तो जरासा जरी अडला तरी संपलं. परदेशातून नवीन शाफ्ट यायला महिने लागत, म्हणून झिजलेले शाफ्ट क्रोम करून द्यायचं काम आम्हाला मिळालं. काका या शाफ्टना फार जपत. हातात घेऊन म्हणत, "हे लेकरू भिंगरीवानी पळनार आहे. याच्यात खोट नको."

त्या वर्षी पोळ्याच्या तोंडावर खाणीतून तीन शाफ्ट आले, तातडीचे. पोळ्याला कारखाना बंद. आदल्या संध्याकाळी शाफ्ट टाकीतून निघाले आणि घाम काढणं पुढे ढकलता येत नव्हतं. काका सणाच्या सकाळी एकटेच आले. गेटवर चौकीदार होता, पण तो शेडपासून लांब. त्यांनी शाफ्ट तेलाच्या टाकीत सोडले, झाकण लावलं, हीटर चालू केला आणि पलीकडच्या टोकाला दुसरं काम करत बसले. सहा तासांनी टाकीवरचा डायल पाहिला, बटण बंद केलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, 'एकशे नव्वद डिग्री, सहा तास.' शाफ्ट रात्रभर तेलातच निवायला ठेवले. दुसऱ्या दिवशी आम्ही ते काढले, घासले, काकांनी नख फिरवलं आणि माल गेला.

दोन दिवसांनी इलेक्ट्रिशियननं त्या टाकीच्या हीटरची कॉइल बदलली. जळाली होती. डायलचा काटाही अडकत होता, तोही बदलला. चिठ्ठीवर सही माझी आहे. कॉइली जळतच असत. मी दुसरा विचार केला नाही.

तीन आठवड्यांनी खाणीतून फोन आला. डंपर चढावर असताना टर्बो फुटला होता. त्याआधी फिटर मनोहर नारनवरे इंजिनचा आवाज बदलल्याची तक्रार ऐकून बाजूचं झाकण उघडून, गाडीबरोबर चालत ऐकत होता. शाफ्ट तुटला, पंख्याची पाती कवच फोडून बाहेर आली. त्याचा डावा डोळा गेला. खांद्याला टाके पडले.

देशकरसाहेबांनी फोन ठेवला आणि आम्हाला सगळं सांगितलं. मग काकांनी विचारलं, "कोनता शाफ्ट?"

"आपलाच. पोळ्याचा."

काका खुर्चीला धरून उभे राहिले.

पुढच्या आठवड्यात खाणीचे इंजिनिअर पाठकसाहेब तुटलेला शाफ्ट घेऊन आले. साहेबांच्या खोलीत आम्ही चौघंच होतो: साहेब, पाठक, काका आणि मी. पाठकांनी शाफ्टचे दोन तुकडे टेबलावर ठेवले. तुटलेली बाजू दाणेदार, चमकती. कुठेही वाकल्याची खूण नाही. मला पहिल्या दिवशीची ती तुटलेली पट्टी आठवली.

"तापवला होता?" पाठकांनी विचारलं.

साहेबांनी रजिस्टर पुढे केलं. पाठकांनी ते वाचलं. "हे बघा, आमच्या वर्कशॉपचं म्हणणं आहे की फिटरनंच चुकीचा बसवला. नट जास्त आवळला. तसा रिपोर्ट तयार आहे. नारनवरेवर ठपका येईल आणि त्याची नोकरी जाईल. तुमचं रजिस्टर बरोबर असेल तर मी त्यावर सही करतो." ते रजिस्टर मिटणार होते, पण थांबून त्यांनी काकांना सहज विचारलं, "त्या दिवशी तुम्ही एकटेच होतात ना? तेल तापलं होतं, हे नक्की?"

"डायलवर पाह्यलं, साहेब."

"डायल राहू द्या. तापलेल्या तेलाचा वास तर गेटपर्यंत जातो. मी आत्ता आलो तेव्हा मलाही आला."

खरं होतं ते. घाम काढायच्या दिवशी माझ्या कपड्यांनाही तो वास लागायचा आणि आई म्हणायची, "भज्यांच्या गाडीवर लागलीस काय?" मी काकांकडे पाहिलं. ते काहीतरी बोलतील म्हणून थांबले.

काकांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते टेबलावरच्या तुकड्यांकडे पाहत होते आणि त्यांचे ओठ हलत होते, मनातल्या मनात तो दिवस पुन्हा चालून पाहत असल्यासारखे. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "पोरी, कॉइल कवा बदलली?"

"पोळ्यानंतर दोन दिवसांनी."

"अन् काटा अडकत होता."

"हो."

"चालू करताना मी काटा पाह्यलाच नाई. मंग पाह्यला, तवा एकशे नव्वदवर होता. तो पह्यलेपासूनच तिथं होता." ते खाली बसले. "तेल थंडं होतं, साहेब. सहा तास माया शाफ्ट थंड्या तेलात होता."

"मिस्त्री, उगाच काय बोलता!" देशकरसाहेब उठलेच. "कॉइल नंतर जळली असेल. कशावरून आधीच जळली?"

"वास नाई आला."

"आला असेल, लक्षात नसेल."

"साहेब, मले वास येतच नाई."

खोलीत कोणाला काही कळलं नाही. काकांनी टेबलावरच्या कापडाचा एक लोंबता धागा तोडला. बोटांत पिळून ताठ केला. तोंड वर केलं आणि तो धागा उजव्या नाकपुडीत घातला. मला वाटलं, यांना काही झालं. डाव्या नाकपुडीतून धाग्याचं टोक बाहेर आलं. त्यांनी ते चिमटीत धरलं आणि धागा सरळ ओढून काढला. मधली भिंत नव्हतीच. तिथं आरपार भोक होतं.

पाठकसाहेब खुर्ची मागे सारून उभे राहिले. देशकरसाहेबांनी तोंडावर हात ठेवला. मी चार वर्षं या माणसाच्या शेजारी उभी होते. टाकीत आम्ल किती आहे, हे रोज दशांशापर्यंत मोजत होते.

"आठ वर्षं झाली," काका धागा बोटाला गुंडाळत म्हणाले. "टाकीनं खाल्लं. दुखत नाई, म्हनून कोनाले सांगतलं नाई. मिस्त्रीले वास येत नाई म्हटलं तर टाकीवर कोन ठेवन?" मग पाठकांकडे वळून, "फिटरचा गुना नाई. तुमी कागदावर मायं नाव लिवा. दामोदर बारापात्रे. बारा, अन् पात्रे."

पाठकांनी तयार रिपोर्ट खिशात घातला आणि बाकीचे दोन शाफ्ट लगेच उतरवा, असं सांगायला खाणीत फोन लावला.

त्या संध्याकाळी मी कौसल्याकाकूंकडे गेले. काका घरी पोचले नव्हते. काकूंना मी सगळं सांगितलं. त्या चकित झाल्या नाहीत. "मले मालूम होतं वं. रोज मीच त्याईले हळूच सांगतो, आज खसखस जास्त आहे, आज मेथी आहे. मंग ते तसंच म्हनतेत. एक दिवस दूध उतू जाऊन जळून कोळसा झालं, अन् हे बाजूले बसून पेपर वाचून राहिले. त्या दिवशी मी रडलो. त्यायनं शपथ घातली, कोनाले सांगू नको." त्या थांबल्या. "आपनच सांगाले पाह्यजे होतं. त्या माणसाचा डोळा तरी राहिला असता."

काका नारनवरेला पाहायला दवाखान्यात गेले तेव्हा मला सोबत नेलं. एकट्यानं जायचा धीर होत नव्हता, हे त्यांनीच सांगितलं. नारनवरे तिशीचा, धिप्पाड माणूस. अर्ध्या तोंडावर पट्ट्या. बायको उशाशी बसलेली. काकांनी नाव सांगितलं तशी तिनं त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि आम्ही निघेपर्यंत वळली नाही.

नारनवरे मात्र बोलला. "काका, तुमचा शाफ्ट लय मस्त होता. बसवायच्या आधी मी बोटानं पाह्यला. लोन्यावानी." त्यात टोमणा नव्हता. एक कारागीर दुसऱ्याला सांगतो, तसं तो सांगत होता. काका पलंगाचा दांडा धरून उभे होते. बाहेर व्हरांड्यात येऊन भिंतीला टेकले आणि कितीतरी वेळ तोंड उघडं टाकून नुसते श्वास घेत राहिले.

नारनवरेवरचा ठपका गेला. त्याला खाणीच्या स्टोअरमध्ये बसून करायचं काम मिळालं. आमचं खाणीचं काम बंद झालं. देशकरसाहेब काकांशी महिनाभर बोलले नाहीत. पण डॉक्टरांना मात्र त्यांनीच बोलावलं. टाकीवरच्या सातही जणांची नाकं तपासली. तिघांना भोक होतं. त्यातला सुखदेव माझ्याच वयाचा. त्याला काही माहीतच नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तो आधी हसला आणि मग आरशासाठी धावला. टाक्यांवर वाफ ओढून घेणारे पंखे बसले. खुंटीवरच्या पट्ट्या नाकांवर गेल्या.

काका त्यानंतर टाकीजवळ गेले नाहीत. साहेबांनी त्यांना घासण्याच्या विभागात यायला सांगितलं, नख तर शाबूत होतं. पण एका सोमवारी ते माझ्याकडे येऊन म्हणाले, "पोरी, मी जाऊन राहिलो. आता माल पास करताना हात कापते." आणि गेले. निरोपसमारंभ नको म्हणाले. मी एक-दोनदा घरी गेले तेव्हा ते बाहेर गेलेले होते. "सायकल घेऊन निंगतात सकाळी," काकू म्हणाल्या. "कुठी जातात, सांगत नाई."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते यानंतर दोन-तीन वर्षांनी. मी लुनावरून एका गल्लीतून चालले होते. तिथं सायकलच्या रिमा, हँडल चमकवून देणारी लहान लहान प्लेटिंगची दुकानं होती. एकेका खोलीत एकेक टाकी, ना पंखा, ना खिडकी. एका दुकानाच्या उंबऱ्यावर चाळिशीचा एक कामगार डबा उलटा करून बसला होता, मान मागे टाकलेली, आणि बारापात्रेकाका त्याच्यावर वाकून टॉर्चनं त्याच्या नाकात पाहत होते. आजूबाजूच्या दुकानांतली माणसं जमली होती आणि हसत होती. तो कामगारही हसत होता.

"मिस्त्री, पोरगी पाहाले आले का? नाक पसंत आहे ना?"

"हसू नको बे. हालते. वर पाह्य."

मी लुना थांबवली. हाक मारणार होते. काकांनी टॉर्च बंद केला, पुन्हा लावला आणि पुन्हा पाहिलं. या वेळी बराच वेळ. जमलेली माणसं हळूहळू हसायची थांबली.

"कवापासून आहे टाकीवर?"

"तीन वर्सं. काहून?"

काकांनी टॉर्च खिशात घातला आणि त्या माणसाला दंडाला धरून उठवलं. "चाल. सायकलवर बस."

"कुठी?"

"डाक्टरकडं. आत्ता."

"टाकीत माल लटकला आहे, मिस्त्री! जळून जाईन सारा."

"जळू दे," काका म्हणाले.

तो मागे कॅरिअरवर बसला. काकांनी एक पाय टेकून सायकल ढकलली, झोकांडी सावरली आणि पेडल मारायला लागले. माझ्या अगदी जवळून गेले. त्यांनी मला पाहिलं नाही. मागे बसलेल्या माणसानं मात्र पाहिलं. तो एका हातानं काकांचा सदरा धरून बसला होता आणि दुसऱ्या हाताचं बोट त्यानं नाकावर ठेवलं होतं.